झाकलेली वाटी आणि बुधवारची चौकशी

आजच्या निरोपसमारंभाच्या अध्यक्षस्थानी असलेले आपल्या संस्थेचे कार्याध्यक्ष माननीय महिपतराव. त्यांच्या उजव्या हाताला बसलेले प्राचार्य महोदय. डाव्या हाताला बसलेले आणि मघापासून मोबाइलमध्ये मान घालून असलेले, नव्या भोजनव्यवस्थेचे व्यवस्थापक श्री. विनीत, जिच्यासाठी हा सारा मांड मांडला आहे आणि जी अजूनही खुर्चीच्या कडेवर टेकूनच बसली आहे, ती आजची सत्कारमूर्ती श्रीमती काशीबाई आग्रे, प्राध्यापकवर्ग, वसतिगृहातील मुलामुलींनो, आणि देवरूखच्या पलीकडून सकाळची एसटी धरून आलेले, काशीबाईंच्या गावचे मानकरी रावजी आणि त्यांच्यासोबतची मंडळी, आपणा सर्वांना माझा नम्र नमस्कार.

रावजी, आपण बाहेर खिडकीशी का उभे? आत या. पहिल्या रांगेतल्या आठ खुर्च्या रिकाम्या आहेत. त्यांच्या पाठीवर ‘मान्यवर’ असे कागद चिकटवलेले दिसतील. ते कागद काढा, घडी करून खिशात ठेवा आणि बसा. कुणी हटकले तर माझे नाव सांगा.

मला दहा मिनिटे दिलेली आहेत आणि हातात हे मानपत्र दिलेले आहे. मीच लिहिलेले. अडीच पाने आहेत. त्यात ‘अन्नपूर्णा’ हा शब्द चार वेळा आणि ‘मातृहृदयी’ हा शब्द तीन वेळा आला आहे. सव्वीस वर्षे जिने या वसतिगृहातल्या मुलांना दोन वेळा रांधून घातले, तिच्याविषयी अडीच पाने लिहिताना मला तिच्या हातच्या एकाही पदार्थाचे नाव आठवले नाही, म्हणून विशेषणे घातली. विद्वान माणसाची ही जुनी सोय आहे. हे मानपत्र मी वाचणार नाही. ज्यांना विशेषणांची भूक असेल त्यांनी नंतर माझ्याकडून घेऊन जावे.

का वाचणार नाही, ते सांगतो. परवा मी काशीबाईंच्या खोलीवर गेलो होतो. म्हटले, समारंभ ठरला आहे, शाल-श्रीफळ आहे, मानपत्र आहे, आणखी काही इच्छा असेल तर सांगा. त्या तांदूळ निवडीत होत्या. सूप खाली न ठेवता म्हणाल्या, “शाल माझ्याकडं हाय, गुरुजी. नारळ तर माझ्याच झाडाचं हायत. त्या कागदावं तुमी एक शब्द लिवलाय, तेवढा काढा. दुसरा मना काय नको.”

तो शब्द या मानपत्रात नाही, डिसेंबरात मी लिहिलेल्या एका चौकशी अहवालात आहे: ‘पंक्तिभेद’. तरुण मुलांसाठी अर्थ सांगतो: एकाच पंगतीला बसलेल्यांपैकी एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरे वाढणे. शास्त्रकारांनी याला पातक मानले आहे. वाढणाऱ्याचा हात सर्वांसाठी सारखा नसेल तर ते अन्न देवापुढे ठेवण्याच्या योग्यतेचे राहत नाही, असे मी गेली पन्नास वर्षे प्रवचनांतून सांगत आलो आहे.

आता हा शब्द काशीबाईंच्या गावी पोहोचल्यावर काय झाले, तेही ऐका. त्यांच्या ग्रामदेवतेची पालखी शिमग्यात सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, येते आणि त्या दिवशी गावजेवण होते. बावीस वर्षे त्या पंगतीत भाताचा पहिला हात काशीबाईंचा. घरातल्या सुनेला हा मान मिळत नाही, माहेरवाशिणीला मिळत नाही. तो या बाईला मिळाला, कारण तिचा हात सारखा चालतो असे गावाने पारखून घेतले होते. यंदा त्यांना सांगण्यात आले, “बाय, यंदा तू बस. दुसरी कोन वाढील.” कारण विचारल्यावर उत्तर मिळाले की रत्नागिरीच्या कॉलेजात शास्त्रीबुवांनीच तसे लिहून दिले आहे. बाईने पान मांडून घेतले, बसली, आणि न जेवता उठली. आजपासून पंधरा दिवसांनी, चैत्री पौर्णिमेला, त्याच सहाणेसमोर पुन्हा पंगत आहे. रावजी आज सत्काराला आलेत हे खरे. परंतु तो हात पुन्हा द्यायचा की नाही, हे विचारायलाही आले आहेत. मला हे ठाऊक आहे, आणि त्यांना ठाऊक आहे की मला ठाऊक आहे.

शास्त्रीबुवा म्हणजे मी.

तो शब्द मी कसा लिहिला, याकडे येतोच. परंतु आधी तो शब्द ज्या महान कार्यासाठी उपयोगी पडला त्या कार्याचे दर्शन घेऊ. नाहीतर विनीतरावांना वाटेल की आपला उल्लेखच राहिला.

जानेवारीपासून आपल्या जेवणघराच्या दारावर ‘डायनिंग हब’ अशी पाटी लागली आहे. मी तिचे भाषांतर करून पाहिले, जमले नाही. आत तीन प्रकारची योजना आहे: बेसिक, स्मार्ट आणि प्रीमियम. बेसिकवाल्याला करडा ट्रे, स्मार्टवाल्याला निळा, प्रीमियमवाल्याला काळा आणि चकचकीत. करड्यात दोन चपात्या, आमटी, भाजी आणि वाटीने मोजून उपडा केलेला भात. निळ्यात याशिवाय दही. काळ्यात माशाची तुकडी आणि गोड. एका खोलीत राहणाऱ्या, एकच कंगवा वापरणाऱ्या तीन मुली एका टेबलावर तीन रंगांचे ट्रे घेऊन बसलेल्या मी स्वतः दारातून पाहिल्या. करड्या ट्रेवाली भिंतीकडे तोंड करून जेवत होती. मी विचारले, “बाळ, इकडे तोंड कर की.” ती म्हणाली, “इथे पंखा चांगला लागतो, गुरुजी.” पंखा बंद होता.

पुढे ऐका. उद्या जेवणार की नाही, हे आज रात्री दहाच्या आत मोबाइलवर कळवायचे असते. भूक ही आगाऊ नोंदवायची वस्तू आहे, हा शोध आपल्या ऋषींना लागला नाही. तो पुण्याच्या एका कंपनीला लागला. मागच्या महिन्यात एक मुलगा प्रॅक्टिकल लांबले म्हणून उशिरा आला. त्याचे कळवायचे राहून गेले होते. दाराशी यंत्राने तांबडा दिवा दाखवला. समोर भाताचे पातेले, त्यातून वाफ निघते आहे, आणि ओगराळे हातात घेऊन उभा असलेला माणूस म्हणतो, “सिस्टीम घेत नाही.” मी पन्नास वर्षे देव, दानव, यक्ष, गंधर्व यांच्याविषयी बोललो, पातेल्यात भात असताना दारातल्या उपाश्याला परत पाठवण्याचे सामर्थ्य त्यांच्यापैकी कुणाच्याही ठायी वर्णिलेले मला आढळले नाही.

सोलकढीविषयी बोलू की नको, अशा विचारात होतो. बोलतो. ती आता हवाबंद पेल्यातून येते. वर प्लास्टिकचा पापुद्रा असतो आणि तो भोसकायला नळी असते. पेल्यावर छापले आहे की ती पुण्याला तयार झाली. म्हणजे आपल्या परसातला रातांबा इथून घाट चढून जायचा, तिकडे कोंडला जायचा, आणि पुन्हा घाट उतरून आपल्याच मुलांच्या घशात नळीने उतरायचा! आणि ‘कोकण बोल’ नावाचा एक पदार्थ आहे. वाडग्यात भात, त्यावर आमटी, त्यात उभा खोचलेला पापड. आमच्या घरी हे तापातून उठलेल्या माणसाला देत आणि त्याला काही नाव नसे.

जेवण झाल्यावर मुलांनी पाच चांदण्यांपैकी किती द्यायच्या ते मोबाइलवर दाबायचे. पानावर बसताना आपण भोवती पाणी फिरवीत असू, चार शिते बाजूला काढीत असू, हात जोडीत असू. आता आपण अन्नाला गुण देतो. मागच्या रांगेत हसू ऐकू येते आहे. हसा. ज्यांनी वरणाला साडेतीन चांदण्या दिल्या तेही तिथेच बसले आहेत.

मुलांनो, एक प्रश्न विचारतो, हात वर करून उत्तर द्या. या तीन महिन्यांत जेवताना कुणी तुम्हांला “आणखी वाढू का?” असे विचारले? ज्यांना विचारले त्यांनी हात वर करावा.

बराच वेळ दिला. एकही हात नाही. मात्र विनीतरावांनी मोबाइलमधून मान वर काढली आहे. चला, एवढे तरी झाले.

विनीतरावांशी या विषयावर माझे बोलणे झाले होते. ते अत्यंत सौजन्याने बोलतात, हे मी मान्य करतो.

ते म्हणाले, “गुरुजी, मेन गोष्ट म्हणजे आपण स्टुडंटला चॉइस देतोय.”

मी म्हटले, “करड्या ट्रेवाल्या मुलाला काळ्या ट्रेतले खावेसे वाटले तर?”

“मग प्लॅन अपग्रेड करायचा.”

“ते न जमले तर?”

“मग बेसिक आहेच की, सर. न्यूट्रिशनली कम्प्लीट आहे.”

अशी ही निवड. राजवाड्यात जायचे की अंगणात बसायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र राजवाड्याला कुलूप आहे. महिपतराव, आपण हसू नये. ठराव आपण मांडलात. त्याला अनुमोदन मी दिले आहे, म्हणून मीही हसत नाही.

आता त्या ठरावाचे पहिले वाक्य वाचून दाखवतो. “जुन्या व्यवस्थेत पंक्तिभेद होत असल्याचे विश्वस्त शास्त्रीबुवा यांच्या चौकशी अहवालावरून सिद्ध झाल्यामुळे, सर्व विद्यार्थ्यांस समान वागणूक मिळावी या हेतूने, नवी योजना स्वीकारण्यात येत आहे.” समान वागणूक मिळावी म्हणून तीन रंगांचे ट्रे! आणि त्याच्या पायथ्याला माझ्या विद्वत्तेचा दगड. काशीबाईंना जानेवारीपासून ‘मार्गदर्शक’ हे पद दिले गेले. मार्गदर्शनाचे स्वरूप काय? कांदे सोलणे. आणि आज त्या पदावरूनही त्यांना सन्मानाने उतरवीत आहोत.

तर ती चौकशी.

डिसेंबरात नव्या योजनेसाठी मुलांकडून अर्ज भरून घेतले. त्यांपैकी एका अर्जात तक्रार होती: बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी, म्हणजे जेवणात मासे असतात त्या दिवशी, एका मुलीला काशीमावशी झाकण घातलेली वेगळी वाटी देतात. बाकी कुणाला ती मिळत नाही, आणि झाकणाखाली काय आहे ते कुणाला दिसत नाही. तक्रार करणाऱ्याला मी दोष देत नाही. त्याने दिसले ते लिहिले. मुलगी हर्णेची, कोळ्याची. माशातले तिला कळणार. तेव्हा झाकणाखाली निवडक कोळंबी असणार, असा सर्वांचा तर्क झाला. समितीचाही झाला. माझाही झाला, आणि मला तर कोळंबी कशाशी खातात हेही ठाऊक नाही.

समितीने चौकशी माझ्याकडे दिली, कारण मी धर्मशास्त्र जाणतो. मी जेवणघरात गेलो तो दिवस बुधवार होता. म्हणजे गेलो असे म्हणता येणार नाही. दारापर्यंत गेलो. माझा नेम आपणां सर्वांना ठाऊक आहे. मासे शिजत असलेल्या घराचा उंबरा मी ओलांडीत नाही. उपरण्याचे टोक नाकाला लावून मी बाहेर उभा राहिलो आणि धर्मनिर्णयाला आरंभ केला.

“काशीबाई, त्या मुलीला तुम्ही वेगळे वाढता?”

“व्हय.”

“काय वाढता?”

“आत या नि बगा, गुरुजी. वाटी हितंच हाय.”

“आज बुधवार आहे.”

त्यांनी वाटीवरचे झाकण नीट बसवले. मग म्हणाल्या, “मग उंद्या या.”

“उद्या वाटी असेल का?”

“नाय. उंद्या गुरवार. उंद्या तिला वाटी लागत नाय.”

सभाजनहो, हे वाक्य मी कबुली म्हणून टिपून घेतले. माशांच्या दिवशीच वेगळी वाटी, म्हणजे वाटीत मासाच. न्यायशास्त्राचा विद्यार्थी याला अनुमान म्हणतो. मी म्हटले, “मग तुम्हीच तोंडाने सांगा, काय असते त्यात आणि कशासाठी?” त्यावर बाई म्हणाली, “त्या पोरीनं मना सांगितला नाय. मग मी कशी सांगू?” या उत्तराचा अर्थ मला त्या दिवशी लागला नाही. ज्याचा अर्थ लागत नाही त्याला विद्वान माणूस ‘असंबद्ध’ म्हणतो. मी लिहिले, ‘संबंधित स्त्रीने समाधानकारक खुलासा केला नाही.’

चार पानांचा अहवाल झाला. त्यात आठ शास्त्रवचने होती आणि एकही वाटी नव्हती. उंबऱ्यापासून ती वाटी नऊ पावलांवर होती. परवा जाऊन मोजून आलो.

गेल्या मंगळवारी संध्याकाळी दिवा लावून मी पडवीत जपाला बसलो होतो. एक मुलगी पायरीपाशी उभी राहिली. हातात स्टीलची वाटी, वर झाकण. म्हणाली, “गुरुजी, तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्या अहवालातली ती वाटी माझी.”

तिचे नाव पूर्वी चोगले. मधल्या रांगेत बसली आहे. तिची परवानगी मी घेतली आहे. विचारले, “हे सभेत सांगू?” म्हणाली, “सांगा. माझं नाव घेऊनच सांगा. मावशीचं नाव घेऊन लिहिलंत ना?” ही मुलगी बोलताना माझ्या वयाची भीड ठेवीत नव्हती, आणि ते योग्यच होते.

ती इथे येण्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबरात, तिच्या वडिलांची बोट वादळात सापडली. चार जण होते. तिघांना दुसऱ्या बोटीने उचलले. वडील सापडले नाहीत. आजतागायत नाहीत. आई संध्याकाळच्या लिलावात टोपली घेऊन पुन्हा बसू लागली, बसावेच लागते. मुलगी जूनमध्ये इथे आली, आणि पहिल्या बुधवारी पानात माशाची तुकडी आली.

“त्याच पाण्यातला ना, गुरुजी,” ती म्हणाली. एवढेच म्हणाली. मी हातातली माळ खाली ठेवली.

मग तिने सांगितले, “मी तुकडी भाताखाली लपवायचे. कोळ्याची मुलगी मासा खात नाही म्हटलं की सगळे विचारतात, का गं? एकदा विचारलं की सांगावं लागतं. एकदा सांगितलं की मग रोज सगळे तुमच्याकडे तसंच बघतात. मला ते नको होतं. तीन वेळा लपवली. चौथ्या वेळी मावशीने तुकडी वाढलीच नाही. झाकण घातलेली वाटी ठेवली. कुळथाचं पिठलं होतं. हळूच म्हणाली, ‘भातात कालवून घे गो, नि झाकान परत ठेव.’ मी तिला काही सांगितलं नव्हतं. तिनेही कधी विचारलं नाही. सहा महिने.”

मी म्हटले, “बाळ, डिसेंबरात तू समितीला हे का सांगितले नाहीस?”

“मला विचारायला कोण आलं? चौकशी झाली हेच मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, नवीन ट्रे आले म्हणून वाट्या गेल्या. मावशीला सहाणेवर वाढू दिलं नाही, हे इथल्या शिपायांकडून परवा कळलं. ते तिच्याच गावचे.” मग वाटी माझ्यापुढे सरकवून म्हणाली, “आज मंगळवार आहे. यात मासा नाही. आता तरी झाकण काढून बघाल का?”

मी काढले नाही. का, ते मी सांगू शकत नाही.

विनीतराव आता काहीतरी म्हणू पाहत आहेत. मी त्यांच्या वतीने म्हणतो. नव्या व्यवस्थेत ही अडचणच येत नाही; मोबाइलवर ‘शाकाहारी’ असे बटण आहे. आहे. मी मुलांकडून ते पाहून घेतले. बटण दाबले की पुढे प्रश्न येतो, ‘कारण निवडा’, आणि खाली तीन पर्याय: धार्मिक, आरोग्य, आवड. विनीतराव, पूर्वीने यांपैकी काय निवडावे? घाई नाही. आपली कंपनी मोठी आहे. पुण्याला विचारून कळवा.

मुलीने शेवटी करडा ट्रे घेतला. त्यात मासा नसतो आणि प्रश्नही नसतो. ती भिंतीकडे तोंड करून जेवणारी, पंख्याचे कारण सांगणारी मुलगी हीच, हे मला मंगळवारी उजेडात तिचा चेहरा पाहिल्यावर उमगले.

आता थोडे शास्त्र बोलतो, कारण तेवढेच मला येते. सुतकाला आपल्याकडे दहा दिवस दिलेले आहेत. ज्याचा देह सापडत नाही त्याच्यासाठी पळसाच्या पानांचा देह करून संस्कार करावा, असाही विधी आहे. मी तो तीनदा सांगितला आहे, दक्षिणा घेऊन. परंतु पानांचा देह जळून गेल्यावर जी मुलगी भाताखाली माशाची तुकडी लपवीत बसते, तिचे सुतक किती दिवसांचे, हे कुठल्याही ग्रंथाने ठरवून दिलेले नाही. ते पाहून ठरवावे लागते, आणि पाहायचे असेल तर वाढावे लागते. रोग्याला, गर्भिणीला, लेकराला पाहुण्याच्याही आधी आणि त्यांना सोसेल ते वाढावे, असे सांगितले आहे. हे मीच सांगत आलो. म्हणजे नियम मला पाठ होता. तो पाळणारी बाई समोर उभी होती, “आत या नि बगा” म्हणत होती. आणि मी तिला तोच नियम मोडल्याबद्दल दोषी ठरवीत होतो. नवी व्यवस्था आणणाऱ्यांना मी आतापर्यंत पुष्कळ हिणवले. त्यांचे अज्ञान निदान भाड्याने आणलेले आहे. माझे मी साठ वर्षे अध्ययन करून मिळवले.

ही त्या अहवालाची मूळ प्रत. हे तिसरे पान. ‘पंक्तिभेद’ हा शब्द पाच ठिकाणी आहे. पाचही ठिकाणी मी आपणा सर्वांदेखत रेघ ओढतो. थोडा वेळ लागेल. शेजारी लिहितो: ‘न पाहता लिहिले.’ खाली सही, आजची तारीख. प्राचार्य महोदय, ही प्रत काशीबाईंच्या सेवापुस्तकाला जोडावी. ठरावाचे अनुमोदनही मी मागे घेतो. त्याने ट्रेचे रंग बदलणार नाहीत हे मला समजते. कंपनीशी करार दोन वर्षांचा आहे आणि विश्वस्तांत मी एकटा आहे. परंतु तुमच्या त्या पहिल्या वाक्याखालून माझा दगड मी काढून घेतला. आता ते कशावर उभे करायचे ते महिपतरावांनी पाहावे.

रावजी, आपण बावीस वर्षे डोळ्यांनी पाहिलेला हात, मी लिहिले म्हणून थांबवलात. माझ्या शब्दाला एवढी किंमत आपण द्यायला नको होती. पण दिलीत, तर आता याही शब्दाला द्या. या कागदाची एक प्रत आपल्याकडे देतो.

काय म्हणता? मोठ्याने म्हणा, मागच्या लोकांना ऐकू येत नाही.

रावजी म्हणतात, “कागद काय करूचा हाय, गुरुजी? पुनवेला सवता सहाणंवं या नि पंगतीत बसा. ती भात वाढील, तुमी जेवा. मंग गावाला काय सांगाया नको.”

येईन. पंगतीत जिथे जागा मिळेल तिथे बसेन. पहिला हात तिचा असेल ना? बरे. सर्वांनी ऐकले.

काशीबाई, अध्यक्ष आता आपल्याला शाल पांघरतील. ती घ्या. आपल्याकडे शाल आहे हे मला ठाऊक आहे, तरी घ्या. थंडी पुढच्या वर्षीही येणार. आणि त्या खुर्चीत जरा मागे सरकून बसा. ती अख्खी आपली आहे.

समारोप करतो. अध्यक्षांनी दहा मिनिटे दिली होती, मी त्याहून पुष्कळ घेतली आणि त्यांनी घंटी वाजवली नाही, याबद्दल त्यांचा ऋणी आहे. पूर्वीने आपले दुःख माझ्यासारख्याच्या ओटीत घातले, तिचे आभार मानण्याइतका मी मोठा नाही. मुलांच्या हट्टामुळे आजचे दुपारचे जेवण काशीबाईंनी रांधले आहे, शेवटचे. त्याचा वास मघापासून या सभागृहात येतो आहे आणि तरीही आपण सर्वांनी मला शांतपणे ऐकून घेतले, हे आपले सौजन्य.

भाषणाच्या शेवटी बोलण्यातल्या अधिक-उण्याबद्दल सभेकडे क्षमा मागण्याची पद्धत आहे. माझ्या हातून जे उणे झाले ते या व्यासपीठावर झालेले नाही. ते पलीकडच्या जेवणघराच्या उंबऱ्यावर झाले. म्हणून सभेकडे क्षमा मागत नाही. ती तिथे जाऊन मागतो.

काशीबाई, आज बुधवार आहे. पूर्वीसाठी ठेवलेल्या वाटीवरचे झाकण तसेच ठेवा. मी आत येऊन काढतो.